लोणंदाहून औंधास

लोणंद म्हटले की बहुतेकांस दोनच गोष्टी आठवतात : एक कांदा आणि दुसरी ज्ञानेश्वर माउलींची पालखी. आषाढीच्या वारीत नीरेचे स्नान आटोपून पालखी आमच्या गावी मुक्कामास येते, आणि पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते. तेवढे दिवस गावाचे रूप निराळेच असते. उरलेल्या दिवसांत गावाचा कारभार कांद्याच्या आवकेवर चालतो. पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्टेशन असल्यामुळे जाण्यायेण्याची सोय पूर्वीपासून आहे. २०१९ पासून फलटणची गाडीही येथूनच फुटते. अशा या व्यापारी गावाचा चित्रकलेशी संबंध काय, असे कोणी विचारले तर उत्तर चटकन सुचणार नाही. परंतु तो संबंध गेल्या वर्षी अकस्मात जडला, आणि त्याच्याच निमित्ताने औंधची यात्रा घडली. त्या यात्रेची हकीकत आज सांगावयाची आहे.

माझा एक जुना विद्यार्थी हल्ली माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवितो. सुटीच्या दिवशी तो याच मुलखाची चित्रे रंगवीत असतो. नीरेच्या पुलावरून चाललेली दिंडी, कांदा निवडीत बसलेल्या बाया, पहिल्या पावसात भिजलेला स्टेशनचा फलाट, वैशाखातली उघडी माळराने असे त्याचे विषय. तीसएक चित्रे जमली तेव्हा ती जवळच्या एका वाचनालयाच्या दालनात पंधरा दिवस मांडावी असे त्याच्या मनात आले, आणि त्याने चालकांकडे तसा अर्ज केला. वाचनालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. असे प्रश्न कोणत्याही गावी उपस्थित होतात. एक सभासद म्हणाले, खिळे ठोकले की भिंतींचे पोपडे निघतील. दुसरे म्हणाले, चित्रे पाहावयास माणसे लोटली तर वर्तमानपत्र वाचणाऱ्याने बसावे कोठे? तिसऱ्यांनी कायद्याचा मुद्दा काढला. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली वाचनालयांस अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान मिळते. तपासणीस ग्रंथ, सभासद आणि नियतकालिके मोजतो, त्याच्या तक्त्यात चित्रांचा रकानाच नाही! हे ऐकून मला हसू आले, तरी ज्याला वर्षाचा जमाखर्च जुळवावयाचा असतो त्याच्या दृष्टीने हे बोलणे अगदीच पोकळ नव्हते.

परंतु माझ्या विद्यार्थ्यास लागले ते चौथे बोलणे. कोणी एक गृहस्थ जाता जाता म्हणाले की, आपली चित्रे आपणच भिंतीवर टांगून लोकांस 'या, पाहा' म्हणणे ही शुद्ध आत्मश्लाघा होय. चित्र चांगले असेल तर लोक आपण होऊन विचारतील. बिचारा तो ऐकून घरी गेला आणि अर्ज परत घेण्याच्या विचारात पडला.

मंडळींनी माझे मत विचारले. मी म्हणालो, मत देण्यापूर्वी एक स्थळ पाहून येऊ. ज्या प्रश्नाचा काथ्याकूट आपण करीत आहोत तो आपल्याच सातारा जिल्ह्यात १९३८ साली एकाने सोडवून ठेवला आहे. औंधच्या संस्थेचे नावच मुळी 'श्री भवानी चित्रसंग्रहालय व ग्रंथालय' असे आहे. चित्रे आणि ग्रंथ एका छपराखाली. आणि ज्याने ती एकत्र आणली तो स्वतः चित्रकार असून त्याने आपली चित्रेही तेथेच लोकांपुढे मांडली.

म्हणून एका सकाळी आम्ही तिघे, मी, माझी सौभाग्यवती आणि तो चित्रकला शिक्षक, लोणंदाहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. सौभाग्यवतीस चित्रांचे आकर्षण होते असे नव्हे. तिच्या माहेरची कुलस्वामिनी औंधची यमाई, आणि ओटी भरावयाची बरेच दिवस राहून गेली होती.

या लोहमार्गावर ज्यांनी प्रवास केला असेल त्यांस ठाऊकच आहे की, लोणंद सोडून सालपे मागे पडले की गाडी आदर्कीच्या डोंगरात शिरते आणि वळणे घेत घेत चढू लागते. एका खिडकीतून जे गाव आपण मागे टाकले तेच थोड्या वेळाने दुसऱ्या खिडकीतून खाली दिसते. लहान मुलांस याचे फार नवल वाटते; मोठ्यांसही वाटते, परंतु ते बोलून दाखवीत नाहीत. वाठार गेल्यावर मुलूख मोकळा होतो, आणि पुढे जरंडेश्वराचा डोंगर लागतो. मारुतिरायाने द्रोणागिरी आणताना त्याचा एक तुकडा येथे गळून पडला, अशी या डोंगराची कथा सांगतात. अशी कथा नसलेला डोंगर आपल्याकडे विरळाच. चित्र-रामायण पाहावयास निघालेल्या माणसांस रामायणातला पर्वतखंड वाटेतच भेटावा, हा योग मला बरा वाटला.

सातारा स्टेशन, कोरेगाव, आणि मग रहिमतपूर. नाटककार वसंत कानेटकर यांचे हे जन्मगाव. येथे उतरून एस.टी. ने पूर्वेकडे दहाबारा मैल गेले की औंध. कृष्णाकाठची हिरवळ जसजशी मागे पडते तसतसा खटाव तालुक्याचा कोरडा, पर्जन्यछायेतला प्रदेश दिसू लागतो. ज्वारीची काढलेली ताटे, बोडके टेकाड, मधून मधून बाभळी. या रखरखीत मुलखात कोणी कलेचे भांडार उभारील असे प्रवाशास स्वप्नातही वाटणार नाही.

आणि संस्थान तरी केवढे? औंध संस्थान म्हणजे सुमारे ५०० चौरस मैलांचा, तोही सलग नव्हे तर ठिकठिकाणी विखुरलेला प्रदेश. गावे अवघी ७२. बडोदे, म्हैसूर यांच्या वैभवापुढे हे संस्थान म्हणजे समुद्रापुढे विहीर. येथे १९०९ साली श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. जन्म १८६८ चा, शिक्षण बी. ए. पर्यंत. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारा राजा म्हणून त्यांचे नाव घरोघर झाले, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी त्यांच्याच पुस्तकावरून नमस्कार घालण्यास आरंभ केला असेल. ते कीर्तन करीत. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांस कारखान्यासाठी कुंडलजवळची माळजमीन १९१० साली त्यांनीच दिली, तीच आजची किर्लोस्करवाडी. साने गुरुजींनी काही काळ औंधास राहून शिक्षण घेतले, ग. दि. माडगूळकर तर येथल्याच शाळेचे विद्यार्थी. परंतु हे सर्व सांगत बसलो तर चित्रे राहून जातील.

गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगराच्या माथ्यावर मूळपीठ यमाईचे तटबंदीने वेढलेले देवालय, आणि चढणीवरच संग्रहालयाची इमारत. देवीस जाणाऱ्या माणसाने वाटेतच चित्रे पाहावी अशी ही जागा आहे, आणि ती मुद्दाम योजली असली पाहिजे असे मला वाटते. गावातल्या राजवाड्यात दालने काही थोडी नव्हती. परंतु वाड्यात चित्रे ठेवली म्हणजे ती पाहावयास वाड्याची परवानगी लागते. देवीच्या वाटेवर कोणाचीच परवानगी लागत नाही. नारळ-खण घेऊन निघालेली कुणबीण आणि मुंबईहून आलेला कलाभिज्ञ हे दोघेही एकाच दारातून आत येतात.

आत पाऊल टाकताच माझ्या विद्यार्थ्याने वर पाहिले. मी चित्रांकडे पाहत होतो आणि तो छताकडे! "गुरुजी, उजेड कसा उतरतोय पाहा," तो म्हणाला. प्रकाश वरच्या अंगाने आत घेतला आहे. तो चित्रांवर सौम्य पसरतो, डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि काचेत आपलेच तोंड दिसत नाही. बांधणाऱ्याने आधी चित्रांचा विचार केला आणि नंतर भिंतींचा, हे त्यावरून कळते. चित्रकारानेच संग्रहालय बांधले म्हणजे असे होते.

आता संग्रहाविषयी. एकेका दालनाची यादी देण्याचा माझा विचार नाही. ज्यांपुढे आमची पावले थबकली तेवढ्यांविषयीच लिहितो.

संस्कृत शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याचे पाय प्रथम किरातार्जुनीयाच्या लघुचित्रांपाशी थांबावे हे ओघानेच आले. भारवीचे हे महाकाव्य अठरा सर्गांचे. अर्जुन इंद्रकील पर्वतावर तपाला बसतो, मूक नावाचा दैत्य वराहाचे रूप घेऊन त्याच्यावर धावतो, अर्जुन आणि किरातवेषधारी शंकर दोघांचेही बाण एकदमच त्या वराहास लागतात, आणि 'सावज कोणाचे' यावरून देव आणि भक्त यांची जुंपते. वर्गात हा भाग शिकविताना मी मुलांस नेहमी सांगत असे की, या भांडणातच काव्याचे मर्म आहे. ज्याच्यासाठी तप केले तोच समोर उभा आहे आणि तपस्वी त्याला ओळखीत नाही. भारवीने ज्यासाठी सर्गच्या सर्ग खर्ची घातले ते चित्रकाराने वीतभर कागदात मांडले आहे. भारवीची भाषा अवघड. 'अर्थगौरव' म्हणून जे नावाजले जाते ते विद्यार्थ्यास पुष्कळदा नुसते 'गौरव' म्हणजे जडपणाच वाटते. ही चित्रे हाताशी असती तर माझ्या कित्येक विद्यार्थ्यांचे अश्रू वाचले असते.

राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे येथे आहेत. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईस छापखाना काढला, आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी आपल्या देवघरांच्या आणि माजघरांच्या भिंती भरून टाकल्या. आमच्याही घरी तशी एक सरस्वती होती. सौभाग्यवती मूळ चित्रापुढे बराच वेळ उभी राहून म्हणाली, "अहो, आपल्या घरच्या तसबिरीत साडीचे काठ नुसते पिवळे होते. इथे जर दिसते आहे." छापील प्रत आणि मूळ चित्र यांतला भेद याहून थोडक्यात मला सांगता आला नसता.

धुरंधरांची चित्रे आहेत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचे काम आहे. माधव सातवळेकरांचे चित्र आहे. या माधवरावांचे वडील पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे वेदांचे भाष्यकार म्हणून आपल्यास परिचित; परंतु ते मुळात मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले चित्रकार होते हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९१८ साली ते औंधास आले, येथे स्वाध्याय मंडळ चालविले, आणि १९४८ नंतर गुजरातेत पारडीस गेले. वैदिक ऋचांचे मुद्रण आणि कुंचला हे एकाच माणसाच्या हाती शोभत असत, असा तो काळ. औंधच्याच पाथरवटांच्या हातची सहा ऋतूंची शिल्पे आहेत, आणि युरोपातील जुन्या शिल्पांच्या प्रतिकृतीही आहेत.

एका ठिकाणी मात्र मी गोंधळलो. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे 'माता आणि बालक' हे पाषाणशिल्प येथे आहे. मूर (१८९८-१९८६) यांची शिल्पे लंडन, न्यूयॉर्क येथील मोठमोठ्या संग्रहालयांत असतात, आणि त्यांतले एक खटाव तालुक्यातल्या डोंगरावर! नाक, डोळे, बोटे यांचा तपशील शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. मी चष्मा पुसून दोनतीनदा पाहिले. विद्यार्थी काही समजावू लागला, वजन, पोकळी, वळण अशा शब्दांत. मला त्यातले निम्मे कळले. सौभाग्यवतीने मात्र क्षणभरच पाहिले आणि ती म्हणाली, "मूल जड झाले आहे तिला. तरी खाली ठेवीत नाही." मग ती पुढे गेली. विद्यार्थी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहतच राहिला, आणि त्याचे व्याख्यान तेथेच संपले.

ज्यांसाठी आलो ती राजेसाहेबांची स्वतःची चित्रे. येथे मला थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे.

राजाने चित्र काढावे हे आपल्या वाङ्मयास नवे नाही. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दुष्यंत विरहात शकुंतलेचे चित्र काढतो, आणि त्यात अजून काय काय काढावयाचे राहिले ते विदूषकास सांगत बसतो. परंतु ते चित्र पाहणारे किती? एक विदूषक आणि एकदोन दासी. राणी वसुमती येत आहे असे कळताच राजाची तारांबळ उडते आणि विदूषक ते चित्र घेऊन पळतो. राजाची कला ही अशी माधवीमंडपातली, लपवून ठेवण्याची वस्तू. याउलट भवभूतीचे उत्तररामचरित पाहा. तेथे पहिल्या अंकात लक्ष्मण सीतारामांस एका वीथीत नेतो. अर्जुन नावाच्या चित्रकाराने भिंतीवर रामचरित रंगविले आहे, आणि ज्यांचे ते चरित तेच दोघे ते पाहत चालतात; एकेका प्रसंगाशी थांबतात, हसतात, डोळे पुसतात. आपल्या साहित्यातले हे एक उत्कृष्ट चित्रप्रदर्शन होय, आणि त्या चित्रकाराचे नाव कवीने आवर्जून सांगितले आहे. त्याला कोणी आत्मश्लाघी म्हटल्याचे नाटकात आढळत नाही!

बाळासाहेबांनी रामायणातील प्रसंग क्रमाने रंगवून १९१६ साली चित्र-रामायण ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ती चित्रे कशी आहेत? प्रसंग स्पष्ट, रचना नेटकी, कोण कोण आहे आणि काय चालले आहे हे दुरूनही कळावे अशी. कीर्तनकाराचा हात येथे दिसतो. आख्यान लावल्यासारखी चित्रे एकामागून एक पुढे सरकतात. परंतु चेहरे बरेचसे एका साच्याचे आहेत. शोकात आणि क्रोधात फरक पडतो तो हातांच्या अभिनयाने, डोळ्यांनी नव्हे. रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे पाहून आलेल्या माणसास हे लगेच जाणवते. माझ्या विद्यार्थ्याने प्रथम काही बोलण्याचे टाळले. राजा आणि त्यातून पुण्यवान माणूस. त्याच्या चित्रास उणे कसे म्हणावे? मी म्हणालो, "अरे, बोल. त्यांनी ती भिंतीवर लावली ती याचसाठी." तेव्हा तो हळूच म्हणाला, "गुरुजी, रेषा चांगली आहे. रंग भीतभीत लावला आहे."

हे त्याने म्हटले आणि मला त्या चौथ्या गृहस्थांचे बोलणे आठवले. आत्मश्लाघाच करावयाची असती तर या राजास एक सोपा मार्ग मोकळा होता. स्वतंत्र दालनात फक्त आपलीच चित्रे लावावी, दारावर भालदार ठेवावा, आणि येणाऱ्याने वाहवा करून पानसुपारी घेऊन जावे. त्यांनी ते केले नाही. आपल्याहून थोर हातांची कामे त्यांनी पदरचा पैसा खर्चून जमविली आणि त्याच इमारतीत आपलीही ठेवली. तुलना व्हावयाचीच, हे ज्यास चित्रांची पारख होती त्या माणसास कळत नव्हते असे कोण म्हणेल? जो आपले काम असे उघड्यावर, तुलनेच्या उजेडात ठेवतो, त्याने स्तुती मागितली असे होत नाही. त्याने परीक्षा मागितली असे होते. घरात झाकून ठेवलेल्या चित्राचा अभिमानच अधिक धोक्याचा, कारण तो कधी मोडत नाही.

आणि येथेच ग्रंथालयाचा प्रश्न येतो. चित्रांच्या शेजारी पुस्तके कशाला? आमच्या बाजूच्या चालकांचा प्रश्न याच्या उलट होता, परंतु नाणे एकच. औंधास फिरताना मला याचे उत्तर हळूहळू दिसू लागले. येथली कितीतरी चित्रे पुस्तकांतूनच निघाली आहेत. किरातार्जुनीय हे पुस्तक, रामायण हे पुस्तक. आणि ती पुन्हा पुस्तकांत परत गेली आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती हाती घेतली, तीस बाळासाहेबांनी १९१८ साली एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले. एवढ्या लहान संस्थानास एक लक्ष म्हणजे काय, याचा विचार वाचकांनीच करावा. शिवाय आवृत्ती सचित्र असावी हा त्यांचा आग्रह, आणि ती चित्रे काढण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी संपादिलेल्या त्या खंडांच्या मुखपृष्ठावर संपादकाबरोबर औंधच्या अधिपतींचेही नाव आहे, आणि चित्रे प्राचीन नमुन्यांवरून काढली असल्याचे तेथे नमूद केले आहे.

'प्राचीन नमुन्यांवरून' या दोन शब्दांत पुष्कळ काही सामावले आहे. द्रौपदी नेसत काय होती? रविवर्म्याने आपल्या नायिकांस भरजरी साड्या नेसविल्या आणि आपण ते निमूटपणे मान्य केले. आजही पौराणिक नाटकांत आणि दूरचित्रवाणीवर तोच थाट चालतो. सुकथनकर प्रमुख संपादक या नात्याने शेकडो हस्तलिखिते ताडून मूळ पाठ शोधीत होते. त्याच वेळी चित्रकार राजा जुन्या कोरीव कामांकडे वळून मूळ वेषाचा शोध घेत होता. वेरूळ आणि अजिंठा यांवर त्यांनी पुस्तके लिहिली आहेत, ती अनुक्रमे १९२९ आणि १९३२ सालची. म्हणजे चित्र काढावयाचे तर आधी वाचले पाहिजे, पाहिले पाहिजे, टिपले पाहिजे. अशा चित्रकारास ग्रंथालय हे शेजारचे दालन नव्हे, ते त्याच्या कामाचेच घर होय. त्या आवृत्तीची संहिता १९६६ साली पूर्ण झाली. सुकथनकर १९४३ त वारले, बाळासाहेब १९५१ त. दोघांनीही समाप्ती पाहिली नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. संग्रहालय १९३८ चे. आणि १९३९ च्या जानेवारीत याच राजाने औंधच्या प्रजेस राज्यघटना देऊन राज्यकारभार लोकांच्या हाती सोपविला. त्या घटनेमागे महात्मा गांधींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश गृहस्थाचे परिश्रम होते आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत यांचा उत्साह होता. इतिहासात तो 'औंधचा प्रयोग' म्हणून नमूद आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतीवाचूनचे बंदिगृह निघाले ते त्याच सुमारास, व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटाचे मूळ तेथेच आहे. मला या दोन्ही घटना एकाच माणसाच्या एकाच विचारातून निघालेल्या दिसतात. राज्य प्रजेच्या स्वाधीन केले आणि चित्रेही प्रजेच्या वाटेवर आणून ठेवली. पुढे १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले. अनेक संस्थानिकांच्या संग्रहांची तेव्हापासून काय वाताहत झाली, हे जुन्या वस्तूंच्या बाजारात हिंडणाऱ्यांस विचारावे. औंधची चित्रे आज शासनाच्या ताब्यात, परंतु त्याच जागी, त्याच डोंगरावर आहेत. जे आधीच लोकांचे होऊन चुकले होते त्यास विलीन होण्याची भीती कसली?

माझे मत मी त्या वाचनालयाच्या चालकांस पुढे लेखी कळविले. खिळ्यांचा मुद्दा खरा आहे. कपाटांच्या वरच्या पट्टीस दोऱ्या बांधून चित्रे सोडता येतील. बसण्याच्या जागेचा मुद्दाही खरा आहे; चित्रे सायंकाळी दोन तास दाखवावी, सकाळ वर्तमानपत्रांची असू द्यावी. चित्रांखाली त्या त्या विषयावरचे एखादे पुस्तक कपाटातून काढून ठेवावे. दिंडीच्या चित्राखाली ज्ञानेश्वरी, कांद्याच्या चित्राखाली शेतकीचे पुस्तक. तपासणीसाच्या तक्त्यात चित्रांस रकाना नसेल, परंतु त्या पंधरा दिवसांत नवे सभासद झाल्यास त्यांस रकाना आहे. आत्मश्लाघेच्या मुद्द्यावर मी काहीच लिहिले नाही. त्या गृहस्थांनी एकदा औंधास जाऊन यावे, जाण्यायेण्याचा खर्च मी देईन, एवढेच खाली जोडले.

चित्रे पाहून झाल्यावर आम्ही माथ्यावर गेलो. चढण उभी आहे. साठी उलटलेल्यांनी थांबत थांबत चढावे. यमाईच्या नावाविषयी तिकडे अशी कथा सांगतात की, औंधासुराच्या संहारासाठी जोतिबाने देवीस 'ये माई' अशी हाक घातली, तेव्हापासून ती यमाई. गाभाऱ्यातली मूर्ती काळ्या पाषाणाची, भव्य आणि उग्र. सौभाग्यवतीने ओटी भरली. बाहेर तटापाशी वारा छान लागत होता. विद्यार्थी गप्प बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "काकू, माझ्या तीस चित्रांतली बाराच लावतो. बाकीची त्या उजेडात टिकणार नाहीत."

"अन् ती कांदे निवडणाऱ्या बायकांची?" तिने विचारले.

"ती लावतो."

"त्यातल्या मधल्या बाईचा पदर नीट कर मग. काम करणारी बाई असा पदर सोडत नाही, खोचते."

त्याने लगेच वही काढून ते टिपून घेतले.

ज्यांस ही यात्रा करावयाची असेल त्यांनी सकाळच्याच गाडीने निघावे, म्हणजे दुपारपर्यंत औंध गाठता येते आणि चित्रांसाठी दोनतीन तास मिळतात. रहिमतपुरास उतरल्यावर एस.टी. ची वेळ प्रथम विचारून घ्यावी. परतीची गाडी चुकल्यास रात्री मुक्कामाची अडचण होते. पाणी बरोबर असावे. मुले बरोबर असल्यास रामायणाची आणि किराताची गोष्ट त्यांस गाडीतच सांगून ठेवावी. आदर्कीच्या वळणांपासून वाठारपर्यंत तेवढा वेळ सहज मिळतो.